रविवारी भाऊ पाणी प्यायला येणार

सोमवार, ६ मे १८८९. ठाणे.

आजपासून रोजनिशी ठेवायची. कुठेतरी पाणी मुरतं आहे. उद्या प्रसंग आला तर एव्हिडन्स हाताशी असावा.

हकीकत. कचेरीतून घरी आलो तर माजघरात केळीच्या पानात बांधलेले ताडगोळे. कुटुंबाला विचारलं. म्हणाली, गुणाजी खलाशी देऊन गेला. हा गुणाजी राहतो कल्याणला, कामाला ठाण्याच्या स्टेशनात. दिले कोणी? तर कल्याणच्या भाऊंनी.

भाऊ म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. बारा वर्षांत त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही. आणि आज एकदम ताडगोळे! वर निरोप: रविवारी येतो, आनंदाच्या (म्हणजे माझ्या) घरी पाणी पिईन म्हणतो.

मागचं थोडक्यात लिहून ठेवतो. त्या साली भाऊ तापाने आजारी होता. डॉक्टरने सांगितलं म्हणून त्याने तळ्याकाठच्या अँब्रोज बेकरीवाल्याची बिस्किटं खाल्ली. किरिस्तावाच्या हातची! मला कळलं. मी शास्त्रीबुवांच्या कानावर घातलं, शास्त्रीबुवांनी पंचांच्या. भाऊला मिशा उतरवून, पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावं लागलं. मी हे केवळ त्याच्या हितासाठी केलं होतं. पण हित कोणाला कळत नाही. 'तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही' असं सगळ्या आळीसमोर बोलून बिऱ्हाड उचललं आणि कल्याणला गेला.

आता बारा वर्षांनी हे काय सुचलं?

कुटुंब डोळे पुसत होती. भावजी येणार, भावजी येणार. बायकांना मोटिव्ह दिसत नाही. मी ताडगोळे तपासले. वास नीट. आतलं पाणी थंड, गोड. लहानपणी खाडीकाठी भाऊ अंगठ्याने भोक पाडून पहिला गोळा मला द्यायचा, त्याचा रस माझ्या कोपरापर्यंत ओघळायचा. हे त्याला पक्कं आठवत असणार. म्हणूनच नेमके ताडगोळे निवडले. केवढा कावा!

सगळे मी एकट्याने खाल्ले. काही भलतंसलतं असेल तर पोराबाळांना नको.

मंगळवार, ७ मे. पहाट.

औषध घेतलं.

खुलासा: औषध म्हणजे बिस्किट. पण माझं प्रकरण भाऊसारखं नाही. त्याला ताप होता, तो आज ना उद्या उतरला असता. मला पोटात वायू धरतो, तो कायमचा आहे. शिवाय भाऊने घरात बसून, सगळ्यांदेखत, बशीत घेऊन खाल्लं. मी पहाटे विहिरीमागे, दातांना राखुंडी लावण्याच्या निमित्ताने, कोणाच्याही भावना न दुखवता खातो. यापुढे इथेही औषधच लिहायचं. वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

अँब्रोजचं औषध गुणाला चांगलं आहे. कडेला जरासं करपलेलं, मधे एखादा जिऱ्याचा दाणा. जिभेवर ठेवलं की आधी मीठ लागतं, मग साखर. चावायची घाई करू नये. अंधारात, गार वाऱ्यात, ही दिवसातली सर्वांत सुखाची घटका. म्हणजे पोटाच्या दृष्टीने.

संध्याकाळ. आज करवंदं! पळसाच्या द्रोणात, वर पान, वर सुतळी. भाऊची गाठ ओळखली. तो नेहमी दोनदा गुंडाळतो.

स्टेशनात जाऊन गुणाजीला रीतसर क्रॉस केलं. भाऊंना पाहिजे काय? तो म्हणाला, काय नाय जी, रोज तुमचा इषय काढतात, बोलतात वय झालं आता. वय झालं तर कल्याणात व्हावं. त्यासाठी ठाण्याला यायची काय गरज? गुणाजी माझ्या तोंडाकडे नको इतका बघत होता. भाऊने ठेवलेला हेर दिसतो. त्याच्यासमोर अँब्रोजच्या दुकानाकडे न वळता मुद्दाम उलट्या रस्त्याने घरी आलो. लांब पडलं.

माझा पहिला संशय: गावच्या आंब्यांच्या वाटणीवर सही हवी असणार. दुसरा: आईचा तांब्या. तो पितळी तांब्या माझ्याकडे आहे आणि भाऊचा त्यावर लहानपणापासून डोळा आहे. 'पाणी पिईन' म्हणतो, म्हणजे तांब्या हातात येणारच!

करवंदं खाल्ली. लहानपणी आम्ही चावून बघायचो, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आज सात कोंबडे निघाले. समोर कोणी हरणारं नसलं की त्यात गंमत नाही. नोंद संपली.

बुधवार, ८ मे. संध्याकाळ.

आज फणसाच्या भाजलेल्या आठळ्या आल्या. मीठ लावून. गरम असत्या तर अधिक बऱ्या लागल्या असत्या. पण कल्याणाहून ठाण्यापर्यंत गरम राहतील अशी व्यवस्था भाऊने केली नाही, त्यावरून त्याचं प्रेम किती ते दिसतं.

आमच्या आळीच्या शुद्धाचार कमिटीची मीटिंग शास्त्रीबुवांच्या ओटीवर झाली. मी सेक्रेटरी. विषय: आळीच्या तोंडाशी बेकरीचा तेलकट कागद सापडला. आपल्यातलं कोणीतरी चोरून बिस्किटं खातं! मंडळी हबकली. चौकशीचं काम एकमताने माझ्याकडे आलं. कागद पुरावा म्हणून मी ताब्यात घेतला. मागच्या शुक्रवारी माझ्या बाराबंदीतून असाच एक पडला होता, पण तो हाच असेल असं कायद्याने कोणी सिद्ध करू शकणार नाही.

माझा संशय गंगुबाईवर. शेजारची म्हातारी. रोज पहाटे सगळ्यांच्या आधी विहिरीवर हजर असते. एखाद्या भल्या माणसाचं इतक्या पहाटे विहिरीवर काय काम?

मग शास्त्रीबुवांनी जुनी गोष्ट सांगितली. फिरंग्यांच्या अमदानीत म्हणे वसईकडे पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला. जे जे ते पाणी प्याले, त्या सगळ्या आळीला ज्ञातीने टाकलं. आळीची आळी बाटली! ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी उठून रेझोल्यूशन मांडलं की किरिस्तावाच्या भट्टीचा जिन्नस पडलेलं पाणी जो पिईल, जाणून असो की नकळत असो, त्याला दोष लागू. शास्त्रीबुवा म्हणाले, नकळत हा शब्द फार कडक होतो, आनंदराव. मी म्हटलं, कडक नसेल तर रेझोल्यूशन कशाला? टाळ्या. पास.

आठळ्या संपल्या.

गुरुवार, ९ मे. पहाट.

भयंकर प्रकार.

औषध घेत होतो. अर्धं झालं होतं. तोच गंगुबाईच्या वहाणांचा आवाज. मी हात मागे नेला, विहिरीचा कठडा कोपराला लागला आणि हातातलं अर्धं सुटून विहिरीत! डुबुक असा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. गंगुबाईने विचारलं, कोण ते, आनंदराव का? मी म्हटलं, हो, राखुंडी. ती म्हणाली, बरं.

बरं का म्हणाली?

सकाळी. पूजेला बसलो तेव्हा काय घडलं ते डोक्यात शिरलं. विहिरीत बिस्किट! आणि समोर कुटुंब त्याच पाण्याने देवाला स्नान घालत होती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. शंभर माणसांची आळी सकाळपासून पाणी भरते आहे. कालच्या रेझोल्यूशनप्रमाणे शास्त्रीबुवांसकट सगळी बाटली. शास्त्रीबुवा तर दोन वेळा आंघोळ करतात.

दुपारी, कचेरीत. शांतपणे विचार केला. माझी बाजू भक्कम आहे. (अ) गोष्टीत पाव होता, हे बिस्किट. (आ) अर्धंच होतं. (इ) मी औषध म्हणून खातो तेव्हा मला स्वतःला दोष लागत नाही, तो फक्त नकळत पिणाऱ्यांना. म्हणजे आळीत सध्या शुद्ध माणूस मी एकटाच. हे ओझं लहान नाही. पण सेक्रेटरीने खचून चालत नाही.

कोणाला सांगायचं नाही. आळी नकळत सुखी आहे, तिला दुःखी का करा?

संध्याकाळ. मग एकदम आठवलं. रविवारी भाऊ पाणी प्यायला येणार!

बारा वर्षांपूर्वी बिस्किटापायी ज्याने मिशा उतरवल्या, तो पुन्हा माझ्याच घरी, माझ्याच हातून, बिस्किटाचं पाणी पिणार. उद्या बाहेर आलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, आनंदरावाने भावाला दोनदा बाटवलं. आणि भाऊ काय म्हणेल? तो पुन्हा कधी येणार नाही. म्हणजे, न येईना का. मी फक्त नोंद करतो आहे.

आज दोन हापूस आले, गवतात ठेवून. गुणाजी म्हणाला, भाऊ बोलले, एक तुमाला, एक वैनींना. मी दोन्ही खाल्ले. तपासणी अर्धवट ठेवता येत नाही. फारच गोड होते. इतकं गोड कोणी उगाच पाठवत नाही.

शुक्रवार, १० मे.

उपाय सापडला. वडिलांनी काशीहून आणलेला गंगाजळाचा गडू देव्हाऱ्यात आहे, झाळून बंद केलेला. मरतेवेळी तोंडात घालायचा. तो विहिरीत ओतला की झालं. गंगेपुढे बिस्किट किस झाड की पत्ती.

पहाटे गडू फोडला. आत चमचाभर. बाकीचं इतक्या वर्षांत कुठे गेलं कोण जाणे. तेवढंच ओतलं, वर तुळशीची पानं टाकली, वर हळद टाकली. हळद जास्त झाली. वर पाहतो तो गंगुबाई पोहरा हातात धरून उभी. विचारलं, काय करता आहात? मी म्हटलं, सॅनिटेशन. ती दोन पावलं मागे सरली आणि निघून गेली.

दुपारपर्यंत आळीभर झालं की भाऊ येणार म्हणून आनंदरावाने विहिरीवर करणी केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ज्यांच्या मनात करणी तेच करणी बघतात.

कुटुंब म्हणाली, अहो, तुमच्या मनात काय आहे ते एकदा सांगून तरी टाका. भावजी इतक्या वर्षांनी येताहेत, त्या दिवशी तरी काही वेडंवाकडं करू नका. माझ्यावर घरातूनच संशय!

पिवळं पाणी कोणी भरेना. तेवढा वेळ आळी शुद्ध राहिली. संध्याकाळी हळद खाली बसली.

आज पांढरे जाम. पाणीदार, पण जरा तुरट. भाऊला माहीत आहे मला तुरट आवडत नाही. की तो विसरला? विसरला असेल तर वाईट आहे.

औषध बंद केलं. कायमचं. (अँब्रोजने बांधून दिलेलं जेवढं घरात होतं तेवढं संपवून. टाकून दिलं तर पुन्हा कुठल्यातरी विहिरीत जायचं.)

शनिवार, ११ मे.

आज काही आलं नाही.

स्टेशनात जाऊन गुणाजीला विचारलं. म्हणाला, आज भाऊ बाजारात गेलते, उद्या सोताच येताहेत ना, मग मी काय आणू? म्हणजे पाच दिवस चटक लावायची आणि सहाव्या दिवशी हात आखडायचा. याला म्हणतात पॉलिसी. संध्याकाळी मी तीनदा माजघरात डोकावून आलो, केवळ खात्री करायला.

कमिटीत विहीर उपसण्याचा प्रस्ताव मांडला. कारण: पब्लिक हेल्थ. शास्त्रीबुवा म्हणाले, वैशाखात पाणी तळाशी गेलंय आणि तुम्ही उपसायचं म्हणता? वैशाखात लोक पाणपोई घालतात, तुम्ही आहे ती विहीर कोरडी करणार? कोणीतरी मागून म्हणालं, हळद पुरली नाही वाटतं. हशा. मला मत कोणाचंच नाही, माझंसुद्धा नाही, कारण सेक्रेटरीला मत नसतं.

तरी उद्याचा बेत पक्का आहे. दोन बाजूंनी बांधला आहे.

एक: पहाटे उठून तळ्याजवळच्या देवळाच्या विहिरीवरून स्वतः कळशीभर पाणी आणायचं आणि झाकून ठेवायचं. भाऊला तेच द्यायचं.

दोन: त्यात काही चुकलं तर स्टेशनावर भाऊला बाजूला घेऊन खरं सांगून टाकायचं. 'भाऊ, मी बिस्किटं खातो. एक विहिरीत पडलं.' बस. दोन वाक्यं. इंग्रजीत सांगितलं तर आणखी सोपं जाईल, पण भाऊला इंग्रजी येत नाही.

कर नाही त्याला डर कशाला. स्वस्थ झोप लागावी.

रविवार, १२ मे. सकाळ.

कळशी आणली. खांदा उतरला, पण मनावरचा भार गेला. तुळशीवृंदावनाच्या मागे सावलीत ठेवली, वर ताटली झाकली. कुटुंबाला सांगितलं नाही. जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं.

आता स्टेशनात जातो. कळशी आहेच, तरी सांगूनही टाकतो. मन कसं आरशासारखं असावं.

संध्याकाळ.

लिहावंसं वाटत नाही. पण एव्हिडन्स राहिला पाहिजे.

स्टेशनात गाडी आली. भाऊ उतरला. मी खांबामागे होतो, कारण त्याच्याजवळ गुणाजी उभा होता आणि हेरासमोर बोलता येत नाही. भाऊ पार वाळला आहे. केस पांढरे, हातात छत्री. मिशा पुन्हा वाढवल्या आहेत, त्याही पांढऱ्या. ऊन असं की रूळ बघवेनात. स्टेशनच्या पाणीवाल्या ब्राह्मणाकडे बोट दाखवून गुणाजी म्हणाला, भाऊ, पानी घ्या, केवढा घाम आलाय. भाऊ म्हणाला, नको रे, घरी जाऊनच पितो, सकाळपासून त्याच्यासाठीच तहान ठेवलीय.

म्हणजे तहानसुद्धा ठरवून आणलेली! असं त्या वेळी माझ्या मनात आलं. दोन वाक्यं तोंडाशी आली होती. तीही आली तशी परत गेली. मी मागच्या गल्लीतून धावत घरी पोचलो.

वृंदावनामागे कळशी नाही. कुटुंबाला विचारलं. म्हणाली, ती होय? कोणाचं कुठलं पाणी कोण जाणे, गाईला पाजलं. भावजींना आपल्या विहिरीचं ताजं काढलंय, वाळा घालून गार करत ठेवलंय.

तेवढ्यात भाऊ दारात.

ओटीवर आळी जमलेली. शास्त्रीबुवा, कमिटी, गंगुबाई, सगळे. बारा वर्षांनी पाणी पिणार म्हणून बघायला आलेले. भाऊ पाटावर बसला. म्हणाला, आनंदा, बारीक झालास रे. मी बारीक झालेलो नाही, उलट आहे. मग म्हणाला, ताडगोळे मिळाले का? आणि करवंदांत कोंबडे किती निघाले? मी म्हटलं, सात. तो हसला. म्हणाला, आई गेली, बाबा गेले, आता लहानपणीचं बोलायला तू एकटाच उरलास. तुझ्यावर रागावून मीच एकटा पडलो. म्हटलं पुरे.

कुटुंबाने गुळाचा खडा आणि आईचा तांब्या पुढे ठेवला. भाऊने गूळ तोंडात टाकला. तांब्या दोन्ही हातांनी उचलला, उजेडात धरून बघितला, डोळ्यांना लावला. ओठांपर्यंत नेला.

मी झडप घातली. तांब्या हिसकावला. पाणी सगळं ओटीवर सांडलं, भाऊच्या धोतरावर सांडलं. 

भाऊ म्हणाला, अजून?

मी म्हटलं, हे पाणी नको.

तो म्हणाला, पाणी नको की मी नको?

याला उत्तर माझ्याजवळ तयार होतं. कालपासून पाठ होतं. पण समोर शास्त्रीबुवा मिशीवर हात फिरवत बसले होते, कमिटी बसली होती, नकळत हा शब्द माझाच होता. मी तांब्या घट्ट धरून उभा राहिलो. भाऊला वाटलं तो अजून मला बाटलेलाच वाटतो, म्हणून मी आईच्या भांड्याला त्याचं तोंड लागू देत नाही. असं वाटलं असणार हे मला दिसत होतं. मी बघत राहिलो. भाऊ उठला, छत्री घेतली, कुटुंबाला म्हणाला, सुखी राहा, आणि भर दुपारी निघून गेला. कुटुंब त्याच्यामागे आळीच्या तोंडापर्यंत पळत गेली. तो थांबला नाही.

निष्कर्ष: मी भावाला दोषातून वाचवलं. दुसरा कोणी असता तर स्वतःच्या भल्यासाठी गप्प बसला असता. मी त्याच्या भल्यासाठी गप्प बसलो. हित कोणाला कळत नाही.

गूळ मात्र खाऊन गेला.

कुटुंबाने ताट वाढलं आणि आत गेली.

सोमवार, १३ मे. सकाळ.

गंगुबाई दारात आल्या. म्हणाल्या, आनंदराव, एक विचारू का? तुम्ही विहिरीवर काय केलंत ते केलंत. पण त्यात माझं तर काही नाही ना? गुरुवारी पहाटे मला पोहऱ्यात काहीतरी सापडलं होतं, तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय.

मी विचारलं, काय सापडलं?

म्हणाल्या, आदल्या रात्री पोहरा राहाटाला रिकामाच टांगलेला राहिला होता. पहाटे तुम्ही तिथे होतात त्या दिवशी. मी येत होते तेवढ्यात एक मोठा बेडूक कठड्यावरून डुबुक करून पाण्यात उडाला. पोहऱ्यात हात घातला तर कसला तरी तुकडा. भाकरीचा असेल म्हणून कावळ्याला टाकला. मेला काय चवीने खात होता! आता वाटतं, करणीचा तर नव्हता?

मी विचारलं, ओला होता?

म्हणाल्या, नाही हो, कोरडा खडखडीत.

पुन्हा विचारलं. कोरडा. एकदम कोरडा.

म्हणजे पाणी स्वच्छ होतं. गुरुवारी होतं, शुक्रवारी होतं, काल भाऊच्या ओठांशी होतं तेव्हाही होतं. बाटला असेल तर तो कावळा. गंगुबाईंना म्हटलं, करणी नव्हती, निश्चिंत राहा. त्या म्हणाल्या, मग काल भावाला पाणी का पिऊ दिलं नाहीत? मी म्हटलं, कचेरीला उशीर होतो आहे.

संध्याकाळ.

कचेरीतून सरळ अँब्रोजकडे गेलो. मागच्या दाराने नाही, रस्त्यावरच्या. का गेलो ते माहीत नाही. औषध बंद आहे.

दुकानात अँब्रोज आणि त्याची बायको थेरेसा. मला पाहून अँब्रोज म्हणाला, तुमचा भाऊ आयला व्हता काल. मी म्हटलं, कोण भाऊ? म्हणाला, कल्यानचा. भर दुपारचा आयला, त्या बाकड्यावर बसला, तोंड पार सुकलेला. बोलला, पानी हाय का?

थेरेसा म्हणाली, मना भ्या वाटला. मी बोलली, आमचा पानी तुमाला चालंल का? तं बोलला, पाणीच आहे ना बाई, मग आण. दोन तांबे पिला. एकाला एक लावून पिला.

मग म्हणे भाऊने एक बिस्किट मागून घेतलं. खाता खाता अँब्रोजला विचारलं, आमच्या आळीतले कोणी येतात का इकडे? अँब्रोज भोळा माणूस. म्हणाला, आनंदराव येतात की, रोज नेतात, धोतरात लपवून. भाऊ हातातलं बिस्किट धरून तसाच बसला. मग हसायला लागला. अँब्रोज म्हणाला, लय हसला, डोल्यांत पानी येईपरेंत हसला. 

निघताना माझ्यासाठी निरोप ठेवून गेला. आनंदाला म्हणावं, लपूनछपून घाईत खाल्लं की घसा सुकतो. इथे बसून सावकाश खात जा. या बाई पाणी देतात.

मी त्याच बाकड्यावर बसलो. रस्त्यावरून आळीतले दोघे गेले, त्यांनी बघितलं. बघू दे म्हटलं. थेरेसाला म्हणालो, थोडं पाणी दे.

तिने अँब्रोजकडे बघितलं. अँब्रोजने भट्टीकडे बघितलं. थेरेसा हात पुसत म्हणाली, नको हो आनंदराव. तुमच्या भावाला दिला, तो सरळ मानूस. तुमी कमिटीचे. आज पानी पिवाल आनि उद्या आमचाच नाव लिवाल.

आणि नेहमीची बिस्किटं नेहमीसारखी कागदात बांधून, कोणाला दिसू नयेत अशी, माझ्या मांडीवर ठेवली.

मी दिवे लागेपर्यंत तिथेच बसलो होतो. तहान फार लागली होती.